सर्वश्रेष्ठ ऑलिंपिकपटू कोण?

(एका वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आपण फलकावर वाचलाच आहे. राजकारणावर लिहिण्या-बोलण्यात आयुष्य घालविलेल्या पत्रकाराला असा विषय म्हणजे सुटीच वाटावी. पण तयारीला बसलो की ध्यानात येते, श्रेष्ठत्व मोजायचे कोणत्या मापाने, याचा निर्णय केल्याखेरीज या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. माप बदलले की उत्तर बदलते. त्यामुळे आज मी आपल्यापुढे एक नाव ठेवणार आहे. पण त्याआधी ते माप ठेवणार आहे, म्हणजे आपल्याला माझ्याशी वाद घालणे सोपे जाईल.

सर्वांत सोपे माप पदकांचे. या मापाने वाद उरतच नाही. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याने २००४ ते २०१६ या चार ऑलिंपिकमध्ये २८ पदके मिळविली आणि त्यांतील २३ सुवर्णाची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तर त्याने एकट्याने आठ सुवर्णपदके पटकावली. त्याच्यापूर्वीचा १८ पदकांचा विक्रम सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिना हिचा, आणि तो १९६४ पासून २०१२ पर्यंत म्हणजे तब्बल ४८ वर्षे अबाधित होता. सभागृहातील एखादा शाळकरी मुलगाही हे उत्तर देईल आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील.

पण आपण परीक्षेला बसलेलो नाही. पोहण्यात एकाच माणसाला शंभर मीटर, दोनशे मीटर, निरनिराळ्या शैली आणि त्यांखेरीज सांघिक शर्यती अशा अनेक प्रकारांत उतरता येते. कुस्तीत काय होते? पैलवानाचा वजनगट एक, त्यामुळे चार वर्षांनी येणाऱ्या संधीत पदकही एकच. क्युबाचा मल्ल मिहाइन लोपेझ २००४ मध्ये अथेन्सला पाचवा आला. त्यानंतर बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो आणि २०२४ मध्ये पॅरिस अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीच्या सर्वांत वरच्या वजनगटात तो सुवर्णपदक घेऊन आला. एकाच वैयक्तिक प्रकारात पाच सुवर्णे जिंकणारा तो इतिहासातला पहिला खेळाडू. पॅरिसला अंतिम कुस्ती संपली तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. त्याने पायांतले बूट काढून मॅटच्या मध्यभागी ठेवले आणि कुस्तीचा निरोप घेतला. आता पदकांच्या हिशेबाने फेल्प्स २३ आणि लोपेझ पाच. म्हणजे लोपेझ हा फेल्प्सच्या पावपटीहूनही कमी! आपल्या तालमीतला कोणताही वस्ताद हा हिशेब ऐकून हसेल.

यात फेल्प्सला उणे लेखण्याचा हेतू नाही. बीजिंगची शंभर मीटर बटरफ्लाय शर्यत त्याने सेकंदाच्या एक शतांश भागाने जिंकली. आठांपैकी ते एक सुवर्ण म्हणजे एकाग्रतेची सीमाच होती. म्हणणे एवढेच की, निरनिराळ्या खेळांतील माणसे पदकांच्या तराजूत घालता येत नाहीत.

मग वेगाचे माप घ्यावे का? उसेन बोल्टने शंभर आणि दोनशे मीटर या दोन्ही शर्यती सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकल्या, आणि मानवी देहाच्या वेगाविषयीच्या आपल्या कल्पनाच बदलून टाकल्या. त्याचे नववे सुवर्ण मात्र २०१७ मध्ये काढून घेण्यात आले, कारण २००८ च्या सांघिक शर्यतीतील त्याचा सहकारी उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरला. स्वतः स्वच्छ असलेल्या माणसाची पदकसंख्या दुसऱ्याच्या दोषाने घटते, ही गोष्टही पदकांच्या मापाविषयी पुरेसे काही सांगून जाते. अमेरिकेतील मूळनिवासी समाजातून आलेल्या जिम थॉर्पची कथा तर याहून करुण आहे. १९१२ मध्ये त्याने पंचकसरत आणि दशकसरत या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी, त्याने पूर्वी किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून ती पदके हिरावण्यात आली. त्याला पुन्हा एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये. तो मरण पावला होता १९५३ मध्ये!

जेसी ओवेन्सचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार. बर्लिन, १९३६. वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या राजवटीच्या राजधानीत एका कृष्णवर्णीय तरुणाने शंभर मीटर, दोनशे मीटर, लांब उडी आणि चार जणांची सांघिक शर्यत अशी चार सुवर्णपदके जिंकली. त्या चारही प्रकारांत एकाच ऑलिंपिकमध्ये विजय मिळविण्याची बरोबरी कार्ल लुईसने केली ती १९८४ मध्ये. पण मायदेशी परतल्यावर ओवेन्सच्या वाट्याला आले ते वर्णभेदाचे जुनेच जग. पोट भरण्यासाठी त्याला घोड्यांबरोबर शर्यती लावाव्या लागल्या. माझ्या यादीत ओवेन्स फार वर आहे. तो पहिला का नाही, हे पुढे सांगतो.

आणि मेजर ध्यानचंद? हा प्रश्न या सभागृहात विचारला जाणार नाही, हे शक्यच नाही. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदके. ॲमस्टरडॅमला पाच सामन्यांत १४ गोल. आणि बर्लिनला १५ ऑगस्ट १९३६ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात यजमान जर्मनीचा ८-१ असा पराभव. देश तेव्हा परतंत्र होता. सामन्यापूर्वी सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी खोलीत तिरंगा बाहेर काढला आणि संघाने त्याला वंदन केले. पुढे अकरा वर्षांनी याच तारखेला काय घडले, ते मी आपल्याला सांगायला नको. अंगावर रोमांच उभे राहावेत असाच तो प्रसंग आहे. तरीही अभिमान क्षणभर बाजूला ठेवून सांगितले पाहिजे की, १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला हॉकीत केवळ तीन देशांचे संघ होते, आणि अमेरिकेवर २४-१ असा जो विजय मिळाला त्यात ध्यानचंदांपेक्षा अधिक गोल त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांचे होते. सांघिक खेळात एकाचे श्रेय दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही, आणि ते काढावे असे स्वतः ध्यानचंदांनाही वाटले नसते. हॉकीत त्यांच्या तोडीचा खेळाडू झाला नाही, हे मात्र निःशंकपणे म्हणावे.

आता माझे माप. पहिली गोष्ट अशी की, त्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये असे काही केलेले असावे जे त्याच्या आधी कुणी केले नव्हते आणि त्याच्या नंतरही कुणाला साधलेले नाही. विक्रम मोडण्यासाठीच असतात असे आपण म्हणतो. मी शोधतो आहे तो न मोडलेला पराक्रम. दुसरी गोष्ट, त्या पराक्रमातून मिळालेल्या कीर्तीचे त्याने काय केले? यावर कुणी म्हणेल, मैदानाबाहेरचे वर्तन खेळाच्या हिशेबात कशाला? जागतिक विक्रमवीर कोण, एवढाच प्रश्न असता तर मीही ते आणले नसते. पण ‘ऑलिंपिकपटू’ हा शब्द आपण निराळ्या आदराने उच्चारतो. ऑलिंपिकमध्ये खेळाडूंकडून शपथ घेतली जाते ती वेगाची नव्हे, वागण्याची. तेव्हा त्या शब्दाचे माप लावताना माणूसही मोजावा लागतो.

या दोन्ही मापांनी मला जो खेळाडू सर्वांत उंच दिसतो त्याचे नाव एमिल झाटोपेक. चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू.

जन्म १९ सप्टेंबर १९२२, मोराव्हिया प्रांतातील एका गावी. घरची परिस्थिती बेताची. किशोरवयातच तो झ्लीन येथील बाटाच्या चपलांच्या कारखान्यात कामाला लागला. होय, तीच बाटा. १९४१ मध्ये कारखान्याच्या शर्यतीत त्याला जवळजवळ सक्तीने धावायला लावण्यात आले आणि तो दुसरा आला. तेथून सारे सुरू झाले. पुढे सैन्यात गेल्यावर त्याने स्वतःची साधना स्वतःच ठरविली. त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू लांब अंतरे सावकाश धावून सराव करीत. याने चारशे मीटर वेगाने धावायचे, थोडे हलके धावून श्वास घ्यायचा, पुन्हा चारशे मीटर वेगाने, असे दिवसाला चाळीस-चाळीस वेळा आणि पुढे त्याहूनही अधिक वेळा करायला सुरुवात केली. पावसाळा असो, बर्फ असो, पायांत लष्करी बूट असोत, खंड नाही. जाणकारांनी त्याला वेडा ठरविले. आज जगभरचे प्रशिक्षक त्याच तत्त्वावर सराव घेतात. त्याची धावण्याची शैली मात्र कुणी उचलली नाही, आणि ते बरेच झाले! मान एका बाजूला कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, जीभ बाहेर. पाहणाऱ्याला वाटावे, हा आता कोसळणार. कोसळत असत ते त्याच्या मागचे.

१९४८ मध्ये लंडनला त्याने दहा हजार मीटरमध्ये सुवर्ण आणि पाच हजार मीटरमध्ये रौप्य मिळविले. त्यानंतर आले हेलसिंकी, १९५२. उद्घाटनाच्या दिवशी ज्योत घेऊन मैदानात आला तो पावो नुर्मी, नऊ सुवर्णपदकांचा धनी. याच नुर्मीने १९२४ मध्ये पंधराशे आणि पाच हजार मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी दोन तासांच्या आत जिंकल्या होत्या. झाटोपेकचा तो बालपणापासूनचा आदर्श. त्याच मैदानावर २० जुलै रोजी झाटोपेकने दहा हजार मीटरचे सुवर्ण जिंकले. २४ जुलै रोजी पाच हजार मीटर. शेवटच्या वळणापर्यंत चौघे जण एकमेकांना खेटून होते; ब्रिटनचा चॅटवे अडखळून पडला आणि झाटोपेक बाहेरच्या बाजूने सर्वांना मागे टाकून गेला. त्याच दिवशी त्याच मैदानावर त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीचे सुवर्ण जिंकले. पती-पत्नीची जन्मतारीखही एकच, वर्षासह!

एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. झाटोपेकने मॅरेथॉनमध्ये नाव दिले. ४२ किलोमीटर आणि १९५ मीटरची ही शर्यत तो आयुष्यात तोवर कधीही धावलेला नव्हता. २७ जुलैला शर्यत सुरू झाली तेव्हा ब्रिटनचा जिम पीटर्स, ज्याच्या नावावर त्या वेळची जगातील सर्वोत्तम वेळ होती, जोरात पुढे निघाला. झाटोपेकने त्याला गाठले आणि नवशिक्याच्या निरागसतेने विचारले की, हा वेग ठीक आहे ना? पीटर्सने त्याला गोंधळात टाकण्यासाठी सांगितले की, वेग फार कमी आहे. झाटोपेकने ते खरे मानले आणि वेग वाढविला! पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. झाटोपेक दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूपेक्षा सुमारे अडीच मिनिटे आधी मैदानात पोहोचला. आठ दिवसांत तीन सुवर्णे, आणि तिन्ही शर्यतींत ऑलिंपिक विक्रम. १९७६ मध्ये फिनलंडच्या लासे व्हिरेनने हेच धाडस केले. पाच आणि दहा हजार मीटर जिंकून तो मॅरेथॉनमध्ये पाचवा आला. त्या त्रिवेणी पराक्रमाच्या इतक्या जवळ दुसरे कुणी गेलेले नाही. आजच्या काळात या शर्यतींचे विशेषीकरण इतके झाले आहे की, पुढेही कुणी जाईल असे वाटत नाही.

येथे एक आठवण करून दिली पाहिजे. झाटोपेकच्या त्या दोन शर्यतींच्या मध्ये, २३ जुलै १९५२ रोजी, त्याच हेलसिंकी शहरात कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. सर्वश्रेष्ठ कोण या वादात मी त्यांना ओढणार नाही. पण पदकाचे वजन देशोदेशी किती निराळे असते, हे त्या कांस्याकडे पाहिले की कळते.

आता माझ्या मापाचा दुसरा भाग. हेलसिंकीला जाण्याआधीची गोष्ट आहे. चेकोस्लोव्हाकियात १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली होती. १९५० मध्ये त्या देशाच्या जगज्जेत्या आइस हॉकी संघातील खेळाडूंना अटक करून तुरुंगात टाकण्यात आले. एकाला तर पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मिलादा होराकोव्हा या महिला लोकप्रतिनिधीला फासावर चढविण्यात आले. अशा वातावरणात १९५२ च्या ऑलिंपिक संघातून स्टानिस्लाव युंगविर्त या मध्यम पल्ल्याच्या धावपटूचे नाव गाळण्यात आले. कारण, त्याचे वडील राजकीय कैदी होते. झाटोपेकने अधिकाऱ्यांना कळविले की, युंगविर्त जाणार नसेल तर मीही जाणार नाही. विमान त्याच्याविना गेले. जगज्जेत्या संघाची काय गत झाली, हे ठाऊक असलेला हा लष्करी अधिकारी होता. ज्या तीन पदकांमुळे आज आपण त्याचे नाव घेतो, ती पदके तेव्हा त्याच्या हाती आलेली नव्हती. ती सारी संधी त्याने एका सहकाऱ्यासाठी पणाला लावली. अखेर राजवट नमली आणि दोघेही हेलसिंकीला गेले. ओवेन्सपेक्षा झाटोपेकला मी पुढे ठेवतो तो येथे. ओवेन्सने अन्याय सोसला आणि तो पराक्रमाने खोटा ठरविला. झाटोपेकने आपल्यावर न झालेल्या अन्यायासाठी स्वतःचे भवितव्य धोक्यात घातले.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला होता. अनेक जागतिक विक्रम त्याच्या नावावर, पण ऑलिंपिकमध्ये केवळ एक कांस्य. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हाती एक लहानशी पुडी दिली. क्लार्कने ती नंतर उघडली तेव्हा आत हेलसिंकीच्या दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते. पदके मोजणाऱ्यांनी या पदकाची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

येथे थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. पण चरित्र अर्धे सांगणे हा पत्रकाराचा धर्म नव्हे. राजवटीने झाटोपेकचा प्रचारासाठी मुबलक वापर केला आणि त्यानेही वर्षानुवर्षे तो होऊ दिला. १९६८ मध्ये प्रागमध्ये मोकळे वारे वाहू लागले, तेव्हा सुधारणांची मागणी करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले, तेव्हा हा कर्नल चौकात उभा राहून आक्रमक सैनिकांशी वाद घालत होता. त्याची किंमत त्याला चुकवावी लागली. पक्षातून आणि सैन्यातून हकालपट्टी झाली. तीन सुवर्णांचा हा मानकरी देशाच्या आडबाजूला जमिनीत छिद्रे पाडणाऱ्या मजुरांच्या तुकडीत राबू लागला. वर्षे गेली आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने जाहीरपणे माघार घेतली. तो वाकला.

त्याच देशाची, त्याच जाहीरनाम्यावर सही करणारी वेरा चास्लाव्स्का ही जिम्नॅस्ट मात्र वाकली नाही. आक्रमणानंतर ती डोंगरात लपून राहिली, बटाट्यांची पोती उचलून आणि झाडांच्या फांद्यांना लोंबकळून तिने सराव केला, आणि ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोला जाऊन चार सुवर्णे व दोन रौप्ये जिंकली. पदकदानाच्या वेळी सोव्हिएत राष्ट्रगीत वाजू लागताच तिने मान खाली घालून तोंड फिरविले. सही मागे घेण्यास तिने अखेरपर्यंत नकार दिला आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळेपर्यंत उपेक्षा सोसली.

मग सर्वश्रेष्ठ ती का नव्हे? या प्रश्नाने मला बराच काळ स्वस्थ बसू दिले नाही, हे मान्य करतो. धैर्याचे एकच माप असते तर मी वेराचेच नाव घेतले असते. सात सुवर्णपदकांची ही मानकरीण मैदानावरही सामान्य नव्हती. पण तिच्या खेळात तिच्यापेक्षा अधिक सुवर्णे मिळविणारी लातिनिना आहे, आणि हेलसिंकीच्या त्या आठ दिवसांना मात्र जोड नाही. शिवाय १९५२ मध्ये, दहशत सर्वाधिक काळी होती तेव्हा, हाच माणूस ताठ उभा राहिला होता. वयाच्या पन्नाशीत, मजुरीने थकल्यावर तो वाकला, म्हणून तिसाव्या वर्षीचा तो नकार खोटा ठरत नाही. ज्यांना रणगाड्यांसमोर कधी उभे राहावे लागले नाही, अशा आपण त्याला क्षमा करण्याचा आव आणू नये आणि दोषही देऊ नये. म्हणून माझे मत झाटोपेकच्या पारड्यात, आणि वेरा त्याच्या अगदी शेजारी.

१९५६ मध्ये मेलबर्नला झाटोपेक पुन्हा मॅरेथॉन धावला. काही आठवड्यांपूर्वीच त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती. शर्यत जिंकली फ्रान्सच्या आलँ मिमूनने, जो आधी अनेकदा झाटोपेकच्या मागे दुसरा येत असे. जिंकल्यावर मिमून निघून गेला नाही. आपल्या मित्राची वाट पाहत तो मैदानातच थांबला. झाटोपेक सहावा आला. मिमूनने त्याला सांगितले की, सुवर्ण माझे आहे. झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, त्याला सलाम केला आणि मिठी मारली.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. ज्यांचे मत फेल्प्सला, बोल्टला किंवा ध्यानचंदांना असेल त्यांनी प्रश्नोत्तरांत आपली बाजू अवश्य मांडावी. फक्त माप आधी सांगावे.